पहिला बेस गिटार किती रुपयांचा घ्यावा: सोलापुरातील तिन्ही ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

नवशिक्याने बेस गिटारवर किती खर्च करावा, असे विचारले की बहुतेक ठिकाणी दहा हजारांच्या आतला आकडा सांगितला जातो. तो मला मान्य नाही. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस घेतलेला चार तारांचा बेस मी हिवाळा, उन्हाळा आणि आता पुन्हा पावसाळा असा सोलापुरात वापरला आहे. घरचा रियाज, मित्रांच्या ऑर्केस्ट्राच्या तालमी आणि गणेशोत्सवातले कार्यक्रम असे त्या वापराचे स्वरूप आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की नव्या बेसची खरी सुरुवात पंधरा ते वीस हजारांच्या दरम्यान होते. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ किंवा आयबानेझच्या जीएसआर मालिकेतील साधे नमुने याच पट्ट्यात किंवा त्याच्या जरा वर मिळतात. माझ्या वाद्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हे लिखाण किमतीच्या पायरीविषयी आहे.

दहा हजारांच्या आत साधा गिटार चांगला मिळतो आणि बेस मिळत नाही, याचे कारण वाद्याच्या घडणीत आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हापासून तारेची ३४ इंच लांबी प्रमाण मानली जाते. इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ ते ५० किलो असतो, तर बेसच्या चारच तारा नेकला, म्हणजे वाद्याच्या लांब दांडीला, ८० किलोच्या आसपास ओढतात. एवढा ताण लांब नेकने वर्षानुवर्षे सोसायचा, तर लाकूड नीट सुकवलेले हवे, आतला ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी धातूची कांब) खरोखर काम करणारा हवा आणि खुंट्या घट्ट हव्यात. किंमत कमी करताना नेमकी याच तीन गोष्टींत काटकसर होते. आमच्या ऑर्केस्ट्रात एकाकडे नऊ हजारांचा बेस होता. त्याची मोकळी तार सुरात लावली, तरी बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तीच तार स्पष्टपणे चढी लागायची आणि दोन गाण्यांनंतर खुंटी उतरलेली असायची. शिकणाऱ्याला अशा वेळी आपलाच कान कच्चा आहे असे वाटू लागते, आणि हे नुकसान मला पैशांपेक्षा मोठे वाटते.

सोलापूरच्या दुकानांत मला हार्मोनियम, तबला, कीबोर्ड आणि साधे गिटार भरपूर दिसले, पण हातात घेऊन पाहता येईल असा बेस मिळाला नाही. म्हणून हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन तेथे वाजवून पाहून घेतला. बेस १८,५०० रुपये, जाड अस्तराची बॅग १,२००, केबल ६००, पट्टा ४००, जुना वापरलेला २० वॅटचा बेस ॲम्प ८,००० आणि सेटअपची (वाद्य नीट जुळवून देण्याची) मजुरी ८००, असे एकूण २९,५०० रुपये झाले. तारांचा नवा संच साधारण दोन हजारांचा येतो. तो वर्षातून एकदा तरी धरावाच लागतो.

सेटअपचे ८०० रुपये मला सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात. येथील एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळिशीच्या वर जाते आणि हवा कोरडी पडते. त्या दिवसांत नेकचा नैसर्गिक बाक कमी होऊन खालच्या फ्रेटवर तारा खरखरू लागल्या आणि फ्रेटची टोके हाताला किंचित लागू लागली. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला असता मध्यावर, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे एवढी फट हवी. माझ्या बेसवर ती जवळपास उरलीच नव्हती. ट्रस रॉड पाव फेरा सैल केला, रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी खरखर गेली. पाऊस सुरू झाल्यावर तोच पाव फेरा परत आवळला. पंधरा हजारांच्या वरच्या वाद्याचा फायदा येथे दिसतो: ते बिघडतच नाही असे नाही, पण दुरुस्तीला दाद देते.

आवाजाविषयी तक्रार नाही. पिकअप (तारांची कंपने टिपणारे भाग) साधे आहेत, टोनचे बटण फिरवल्यावर फार फरक पडत नाही, पण खर्ज भरीव आणि स्वच्छ लागतो. उणीव आहे ती ॲम्पची. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते आणि घरगुती ॲम्पच्या लहान स्पीकरमधून तिचा पाया नीट उमटत नाही. ड्रम्ससोबत तर २० वॅट ऐकूच येत नाहीत. कार्यक्रमात डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल साउंड सिस्टीमला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीतून) थेट मंडपाच्या साउंड सिस्टीमला जोडल्यावर तोच बेस ऐकून आमच्या कीबोर्डवादकाने डाव्या हाताने खर्ज वाजवणे स्वतःहून थांबवले.

ज्यांचे बजेट खरोखर दहा हजारांचेच आहे, त्यांनी त्या रकमेत नवा बेस घेण्यापेक्षा नामांकित कंपनीचा वापरलेला बेस शोधावा. मात्र नेकला पीळ पडलेला नाही आणि ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. मी स्वतः महागडा बेस घेण्याचा विचार सध्या करत नाही; पुढची रक्कम जमली की ती मोठ्या ॲम्पसाठी जाईल.