घरच्या बागेत कीड पडली: निंबोळी तेल, तंबाखूचं पाणी की दुकानातलं औषध?

पाऊस कमी झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडं घराघरात तेच, जास्वंदीवर पांढरा कापूस, गुलाबाच्या शेंड्यांवर मावा, मिरचीची पानं आकसलेली, आणि मग कुणी सांगतंय तंबाखूचं पाणी मार, कुणी म्हणतंय निंबोळी तेल, आणि औषधाच्या दुकानात गेलं की "हे मारा की ओ, चार दिवसात साफ" म्हणून एक बाटली हातात पडते. तिन्हीतलं काय घ्यायचं ते माझ्या मतासकट लिहितोय. घरात लहान मुलं, मांजर किंवा परड्यात आड असेल तर माझं उत्तर जवळपास ठरलेलंच आहे, निंबोळी.

निंबोळी तेलाचं मोठं दुखणं म्हणजे ते हळू काम करतं. त्यातल्या ॲझाडिरेक्टिनमुळं कीड खाणं सोडते, कात नीट टाकत नाही, म्हणजे संध्याकाळी मारलं आणि सकाळी मेलेले किडे शोधत बसलात तर काहीच दिसणार नाही, आणि इथंच लोकांचा धीर सुटतो. बाटलीवर १५०० पीपीएम (ॲझाडिरेक्टिनचं प्रमाण) लिहिलेलं असेल तर लिटरला साधारण ३ ते ५ मिली, पण आधी कोमट पाण्यात थोडा लिक्विड साबण ढवळायचा आणि मग तेल, नाहीतर ते वर तरंगत राहतं आणि पंपातून पहिलं नुसतं पाणीच येतं. ऊन्हात ते लवकर निकामी होतं आणि पानंही भाजतात, म्हणून उतरत्या ऊन्हात मारा, आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस बघा, कालवलेलं त्याच दिवशी संपवा आणि आठ-दहा दिवसांनी परत मारा. पावसाच्या झडीत मात्र मारून उपयोग नाही, सगळं धुऊन जातं. आणि झाडाचं आहे म्हणून बाटली कुठंही ठेवू नका, निंबोळी तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर गंभीर विषबाधा होते.

आता तंबाखूचं पाणी. निपाणी, चिकोडीकडं तंबाखूचा चुरा सहज मिळतो त्यामुळं हा उपाय आपल्याकडं घरगुती आणि निर्धोक समजतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी ह्याचीच वाटते. मावा मरतो हे खरं आहे, पण मारतं ते निकोटिन, आणि निकोटिन कातडीतून अंगात जातं, तंबाखूच्या ओल्या पानांत काम करणाऱ्यांना गरगरतं, मळमळतं ते त्यामुळंच. घरी भिजवलेल्या पाण्यात ते किती उतरलं ह्याचा काही अंदाज नसतो, एकदा पातळ होतं एकदा जहाल. दुसरं म्हणजे तंबाखूवरचा मोझॅक व्हायरस भिजवलेल्या पाण्यातून टोमॅटो-मिरचीवर जाऊ शकतो आणि त्याच्यावर औषध नाही, झाड उपटूनच टाकावं लागतं. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात तर हे कधीच उकळू नका. फुकट मिळतंय तरी माझ्याकडून ह्याला नाही.

दुकानातली औषधं एका पट्टीत मोजता येत नाहीत, म्हणून आधी डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघायचा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सगळ्यात सौम्य. आपल्याकडं आतलं पत्रक कुणाला कन्नडमध्ये वाचता येत नाही, कुणाला ते इंग्रजी डोक्यावरून जातं, पण त्रिकोण सगळ्यांना कळतो. लाल त्रिकोणाचं काहीही घरच्या बागेत नको, पिवळ्याचंही शक्यतो नको. शेतातलं उरलेलं मोनोक्रोटोफॉस परसातल्या वांग्या-मिरचीवर मारणारे अजून दिसतात, त्याला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे.

घरच्या झाडांसाठी बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिड देतात. काम झटकन होतं, झाडाच्या रसात भिनतं त्यामुळं पानाआड लपलेला मावासुद्धा जातो. पण भिनतं म्हणूनच फुलातल्या मधात आणि परागातही उतरतं आणि मधमाश्या मरतात, युरोपियन युनियननं २०१८ मध्ये ते उघड्यावर वापरायचं बंद केलं ते ह्याच कारणानं. शिवाय त्याचं प्रमाण लिटरला अर्ध्या मिलीच्या आतबाहेर, आणि घरी लोक टोपणानं ओततात, टोपणभर म्हणजे कितीतरी पट झालं. मेडिकलमधून १ मिलीची बिनसुईची सिरिंज आणा आणि ती फक्त त्याच कामाला ठेवा. माझं मत असं की शोभेचं, फुलावर नसलेलं झाड साबणपाणी आणि निंबोळी दोन-तीनदा मारूनही हातचं जातंय तेव्हाच ही बाटली उघडावी, तुळस, कढीपत्ता, कोथिंबीर ह्यांच्याजवळ तर नेऊच नये.

लॉनचं गणित वेगळं आहे. ठिपक्याठिपक्यानं पिवळं पडलेलं गवत ओढलं की गालिच्यासारखं उचलून येतंय आणि खाली पांढरी, वाकडी अळी आहे, तर ती हुमणी, आपल्या ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. इथं निंबोळी फवारून फार काही होत नाही, अळी मुळाशी असते. मग क्लोरपायरीफॉस हे रासायनिक औषध ओतायचं की अळीला रोग लावून मारणारी मेटारायझियम बुरशी? क्लोरपायरीफॉस लवकर मारतं पण त्याच हिरवळीवर पोरं लोळतात, आणि जोराचा पाऊस आला की ते वाहून गटारात नाहीतर आडात जाणार. मेटारायझियम शेणखतात कालवून ओल्या जमिनीत टाकायचं, त्याला काही आठवडे लागतात आणि अळ्या लहान असताना म्हणजे जून-जुलैत टाकलं तरच खरा गुण येतो, ऑक्टोबरात जाड झालेल्या अळ्यांवर कमी. तरी मी घरच्या लॉनला तेच सांगेन, आणि वळवाच्या नाहीतर पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर ह्याच हुमणीचे भुंगेरे जमतात ते काठीनं हलवून साबणाच्या पाण्यात टाका. दोन-चार अळ्या सापडल्या म्हणून घाबरायचं कारण नाही, चांगलं गवत तेवढं सोसतं.

आणि खरं तर पाच-दहा कुंड्याच असतील तर बाटली आणायचीच गरज नसते. पाण्याची जोरदार धार मावा पाडते, पिठ्या ढेकणाला, म्हणजे जास्वंदीवरच्या त्या पांढऱ्या कापसाला, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस लावायचा, आणि त्या झाडावर मुंग्या चढत असतील तर त्यांचा बंदोबस्त करा कारण त्या पिठ्याला सांभाळतात.

मारायचंच ठरलं तर वारा पडलेल्या संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर, रबरी मोजे, पूर्ण बाह्या, चष्मा, आणि पंप तोंडाच्या वर धरून मारू नका. वाळेपर्यंत मुलं, कुत्री, मांजरं आत ठेवा. परमेथ्रिनसारखी औषधं मांजराच्या अंगाला पचतच नाहीत, आणि सायपरमेथ्रिनचं पाणी हौदात गेलं तर मासे गेलेच. लागेल तेवढंच कालवा, आणि उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका, मूळ बाटलीतच कुलपात. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणानं भरपूर धुवा. पोटात गेलं असेल, किंवा खूप घाम, लाळ, उलट्या, बुबुळाची टाचणीएवढी बाहुली असं दिसलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या नादाला न लागता १०८ ला फोन करा आणि ती बाटली लेबलासकट दवाखान्यात बरोबर न्या, डॉक्टरला आधी तीच लागते.