आठवडाभराची भिंत की वर्षभराचे शनिवार?

मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात आपली कला घेऊन जावं, तिथल्या शिक्षणाला हातभार लावावा, असं मनात असलेल्या कलावंतापुढे साधारण दोन वाटा असतात. एक, सुट्टी काढून आठवडाभर गावात मुक्काम करायचा आणि जिल्हा परिषद शाळेच्या भिंती बोलक्या करायच्या. दुसरी, एकच गाव धरायचं आणि वर्षभर शनिवारी जात राहायचं. पैसा दोन्हीकडे नाही, कष्ट दोन्हीकडे आहेत. गावाच्या पदरात मात्र वेगवेगळं पडतं.

भिंतीचं काम लगेच दिसतं. रंगासाठी लोकवर्गणी जमते, तरुण पोरं मदतीला येतात, शाळेत उत्साह येतो. पण ते टिकणार की नाही, हे चित्राच्या आधीच्या कामावर ठरतं. जुन्या चुन्यावर थेट ऑइलपेंट मारला की पावसाळ्यानंतर पोपडे सुटतात. चुना खरवडायचा, ओल कुठून येते ते शोधायचं, प्रायमर मारायचा, मग बाहेरच्या भिंतीचं इमल्शन. यात निम्मा आठवडा सहज जातो. काळ्या मातीवरच्या खोल्यांचा त्रास वेगळाच. ही जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना भेगा पाडते. त्या भरल्याशिवाय ब्रश उचलू नका.

दुसरी गोष्ट उंचीची. मुळाक्षरं छताजवळ आणि पाढे दरवाजाच्या वर, अशा कितीतरी शाळा आहेत. पाहुण्यांना ते छान दिसतं, पण पहिलीतल्या पोराचं बोट अक्षरावरून फिरायला हवं ना! वेळ थोडा असेल तर वरचं सगळं सोडा. जमिनीपासून मुलांच्या खांद्याइतक्या उंचीचा पट्टा फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवून द्या. तुमचं चित्र फिकं पडेल, पण त्या पट्ट्यावर रोज नवं काहीतरी उमटत राहील.

शनिवारच्या वाटेवर दाखवण्यासारखं फार काही हाती लागत नाही. तरी माझं मत याच बाजूला आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, शिवाय ‘आनंददायी शनिवार’ या सरकारी उपक्रमामुळे चित्र, नाट्य, खेळ यांना त्या दिवशी हक्काची जागा आहे. पहिले काही शनिवार मुलं तुमचं बघून काढतात. डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नारळाचं झाड. डोळ्यांसमोर बाभळी आणि कागदावर नारळ! मग एखाद्या शनिवारी गावाचा नकाशा काढायला सांगा. एखादी मुलगी हापसा शाळेपेक्षा मोठा काढते, कारण तिची सकाळ तिथं रांगेत जाते. तिथून प्रमाण, अंतर, पाणी, सगळंच शिकवता येतं. आठवड्यात परतणाऱ्या पाहुण्याला तो हापसा दिसायचाच राहतो.

बीड जिल्ह्यात जाणार असाल तर ऊसतोडीचं वेळापत्रक आधी समजून घ्या. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, बाहेर पडतात. मजूर जमवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. काही मुलं बरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे राहतात. डिसेंबरात भिंत रंगवायला गेलात तर त्यातली बरीच मुलं तिथं नसतील. शनिवारवाल्याची खरी गरज मात्र याच महिन्यांत असते. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय केली जाते. तिथं जेवणाची व्यवस्था होते, पण आई-बापाविना येणारी संध्याकाळ रिकामी असते. तिथं मातीकाम, बाहुल्या, गोष्टी घेऊन जाणारं माणूस हवं आहे.

मोठ्या माणसांपर्यंत पोचायचं असेल तर या दोन्हींपेक्षा भारूड बरं. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडातून लोकांना शहाणं केलं. आजही व्यसनमुक्ती, मुलींचं शिक्षण, पाणी हे विषय भारुडात सहज मावतात. मात्र इथं तुम्ही मदतनीस व्हा. संहितेला, नेपथ्याला हात लावा आणि गाणं गावातल्या भारूडकऱ्यांना गाऊ द्या. त्यांना मानधन मिळेल हे आधी बघा. तुमची सेवा फुकट आहे म्हणून त्यांचीही फुकट धरू नका, त्यांचं घर त्यावर चालतं.

नोकरीमुळे सलग आठवडाच मिळतो? मग भिंत घ्या, पण पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या आत. संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी अशा शहरात राहत असाल आणि गाव एसटीनं तासा-दीड तासावर असेल, तर शनिवार सोडू नका. लांबचं गाव धरलं की दोन महिन्यांत येणं थांबतं आणि मुलं वाट बघत राहतात.

कुठलीही वाट धरा, मुख्याध्यापकांबरोबर शाळा व्यवस्थापन समितीलाही भेटा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. काय रंगवायचं, काय शिकवायचं हे त्यांना विचारा. मुलांचे फोटो टाकणार असाल तर तेही तिथंच विचारून घ्या. जूनच्या मध्यात शाळा उघडते, सुरुवातीचे दिवस प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात. जुलैत गेलात तर लोक निवांत बोलतील.