जुन्या कॅटामरानचे किक-अप रडर : दुरुस्तीनंतर काही महिन्यांचा अनुभव

किनाऱ्यावरून थेट पाण्यात ढकलता येणाऱ्या छोट्या कॅटामरानमध्ये (दोन समांतर हल, म्हणजे तरंगते सांगाडे, असलेल्या शिडाच्या बोटीत) सुकाणूचे, म्हणजे रडरचे, पाते हा पाण्यात सर्वांत खोल गेलेला भाग असतो. हॉबी १६ सारख्या बोटीला तर डॅगरबोर्डही (हलमधून खाली पाण्यात सरकवायच्या उभ्या फळ्या) नसतात. तिचे असममित (दोन बाजूंना वेगळा आकार असलेले) हलच तिला बाजूला घसरण्यापासून रोखतात. त्यामुळे उथळ पाण्यात तळाला आधी टेकते ते सुकाणू, आणि ते वेळीच वर फिरले नाही तर सुमारे १४५ किलोच्या बोटीचा आणि तिच्यावरील माणसांचा सगळा जोर ट्रान्समवरील (हलच्या मागच्या सपाट टोकावरील) बिजागरांवर येतो. माझी बोट याच धर्तीची आणि बरीच जुनी आहे. दोन्ही सुकाणूंचे बुश (सांध्याच्या छिद्रात बसणाऱ्या छोट्या नळ्या), वॉशर, कॅम (पात्याला अडकवून ठेवणारा खाचेचा तुकडा) आणि स्प्रिंगा बदलून ती काही महिने नियमित वापरल्यावर माझे असे मत झाले आहे की, सुकाणू अडखळू लागले किंवा भर वेगात आपोआप वर येऊ लागले, तर स्प्रिंगचा स्क्रू पिळणे हा सर्वांत शेवटी करण्याचा उपाय आहे.

यंत्रणा साधी आहे. स्प्रिंगने दाबलेला प्लंजर (मागे-पुढे सरकणारा खुंटा) कॅमच्या खाचेत बसला की पाते खाली अडकून राहते. पाते कशावर आदळले की कॅम प्लंजरला मागे सारतो आणि पाते वर फिरते. किती जोराला सुटका व्हावी हे वरचा स्क्रू ठरवतो. मात्र पाते ज्यावर फिरते त्या मुख्य बोल्टचे छिद्र झिजून मोठे झालेले असेल, तर पाते डुलते, कॅम तिरका बसतो आणि खाचेची जेमतेम अर्धी धार पकड घेते. अशा वेळी स्क्रू कसला की सुकाणू तात्पुरते जागेवर राहते, पण खडकावर आदळल्यावर सुटत नाही, आणि मग तडा जातो तो बिजागराला किंवा ट्रान्समला.

म्हणून आधी ढिलेपणा शोधावा. बोट ट्रेलरवर असताना एकाने सुकाणू फिरवण्याचा दांडा घट्ट धरावा आणि दुसऱ्याने पात्याचे टोक डावी-उजवीकडे हलवावे. खेळ कोणत्या सांध्यात आहे ते लगेच दिसते. माझ्या बोटीत सर्वाधिक खेळ बिजागरांच्या बुशांत होता. पहिल्यांदा बसवलेले नायलॉनचे बुश कोरडे असताना नेमके बसले, पण पाण्यात राहून फुगले आणि सुकाणू जड झाले, कारण नायलॉन पाणी शोषते. त्यांच्या जागी घातलेले अॅसिटलचे (पाणी फारसे न शोषणाऱ्या प्लास्टिकचे) बुश अजून तसेच आहेत. पाते आणि त्याला धरणारे ओतीव धातूचे कास्टिंग यांच्यामधील मोकळी जागा प्लास्टिकच्या पातळ वॉशरांनी भरली. बोल्ट मात्र पाते हाताने फिरेल इतकाच आवळावा.

खेळ गेल्यावर स्क्रू पूर्वीपेक्षा बराच सैल ठेवूनही पाते खाली टिकले. समायोजन दोन्ही बाजूंना सारखे आहे का, हे पात्याच्या टोकाला दोरी बांधून ताणकाट्याने मागे ओढले की समजते, आणि हा पाच मिनिटांचा उपद्व्याप मला सर्वांत उपयोगी वाटला.

दांड्यावरचा जोर कमी झाला, याचे श्रेय मात्र केवळ बुशांना देता येणार नाही. पाते पूर्ण खाली अडकले नाही आणि थोडे मागे कलते राहिले, तर पाण्याचा दाब फिरण्याच्या अक्षाच्या मागे सरकतो आणि बोट वाऱ्याकडे जोरात वळू पाहते. वेग वाढला की हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही पाती एकमेकांना समांतर, किंवा पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा फार तर तीन मिलिमीटर जवळ, असे दोन्ही सुकाणूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्याची लांबी बदलून जुळवून घेतले, तेव्हा कुठे तोल आला.

वंगणाच्या बाबतीत ग्रीसपेक्षा कोरडा राहणारा सिलिकॉन स्प्रे चांगला ठरला, कारण ग्रीसला वाळू चिकटते आणि तीच कॅम घासून टाकते. परतल्यावर पाते वर-खाली करत गोड्या पाण्याने धुणे मात्र कोणत्याही स्प्रेने टळत नाही. खरी डोकेदुखी अॅल्युमिनियमच्या कास्टिंगमधील स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंची आहे. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंच्या संपर्काने अॅल्युमिनियम गंजते, पांढरी भुकटी जमते आणि समायोजनाचा स्क्रू जाम होतो. आट्यांवर लॅनोलिन (लोकरीपासून मिळणारे मेणासारखे वंगण) लावल्यापासून तो हाताने सहज फिरतो. तरीही अधूनमधून तो काढून पाहणे मी सोडलेले नाही.

समाधान झाले नाही ते आडव्या दांड्याच्या टोकांच्या सांध्यांबाबत. नवे भाग बसवूनही तिथे थोडा खेळ पुन्हा आला आहे. त्यात वाहतुकीचा वाटा मोठा असावा, कारण सुकाणू बोटीवर तसेच ठेवून ट्रेलर नेला की ते रस्ताभर हादरत राहते. आता मी दोन्ही सुकाणू काढून वेगळे ठेवतो आणि त्याच वेळी पिनांवरची झीजही पाहून घेतो.