'सेव्हन सामुराई' फोरके डिस्कवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४), म्हणजे दरोडेखोरांपासून गाव वाचवणाऱ्या सात योद्ध्यांचा सिनेमा, अमेरिकेत २०२४ च्या अखेरीस फोरके डिस्कवर (ब्लू-रेपेक्षा जास्त बारकावे दाखवणाऱ्या डिस्कवर) आला. तो संच घेऊन आता काही महिने झाले. सिनेमा २०७ मिनिटांचा, त्यामुळे सलग बसणं सुट्टीच्या दिवशीच जमतं. पण रात्री जेवणानंतर एखादा प्रसंग लावणं चालूच असतं. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर काय टिकलं, ते सांगतो.

फोरके म्हटलं की लखलखीत, कोरीव चित्राची अपेक्षा असते. ती इथे ठेवू नका. या सिनेमाची मूळ निगेटिव्ह शिल्लकच नाही. सिनेमाची निर्माती तोहो कंपनी. तिने २०१६ मध्ये जे फोरके रिस्टोरेशन (जुन्या चित्राची दुरुस्ती) केलं, ते निगेटिव्हवरून काढलेल्या पुढच्या पिढीच्या प्रतीवरून. त्यामुळे लांबच्या दृश्यांत थोडा मऊपणा आहे, अधूनमधून बारीक ओरखडेही दिसतात. पण साफसफाईच्या नादात फिल्मचा ग्रेन, म्हणजे चित्रातला मूळचा बारीक कणीदारपणा, पुसलेला नाही, आणि माझ्या मते सगळी किंमत त्यातच वसूल होते.

याची खरी परीक्षा धुक्यात होते. सात सामुराईंपैकी क्यूझो दरोडेखोरांची बंदूक आणायला एकटा जातो आणि पहाटे धुक्यातून परत येतो, तो प्रसंग बघा. माझ्याकडच्या जुन्या डीव्हीडीवर त्या धुक्याचे चौकोनी तुकडे पडायचे आणि माणूस अचानक समोर उगवायचा. इथे धुकं सलग आहे. आधी नुसता एक गडदपणा, मग खांदे, मग चालण्याची ढब, असा तो हळूहळू आकाराला येतो. गावकऱ्यांच्या जिवात जीव कसा येतो, ते त्या विलंबातून कळतं.

शेवटची पावसातली लढाई तर मी कितीतरी वेळा लावली. कुरोसावांनी ती एकाच वेळी अनेक कॅमेरे चालवून, टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लेन्स वापरून टिपली. अशा लेन्समध्ये पुढचं-मागचं अंतर दबतं, माणसं, घोडे आणि चिखल एकमेकांवर चढतात. करड्या रंगाच्या मधल्या छटा नीट नसतील, तर सगळा नुसता राडा दिसतो. या डिस्कवर पावसाची रेघ वेगळी, चिखलाची चमक वेगळी, घोड्याच्या पाठीवरची ओल वेगळी. कोण कुठून घुसला आणि कोण पडला, हे शोधावं लागत नाही. छायाचित्रकार असाकाझु नाकाई यांचं काम किती अफाट होतं, ते मला आत्ता कुठे उमगलं.

वाइपच्या, म्हणजे एक दृश्य दुसऱ्याला बाजूला सारत येतं त्या जागांच्या, आसपास चित्र जरा उतरतं आणि ग्रेन जाड होतो. डिस्क खराब निघाली असं समजू नका. त्या काळी वाइप लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरून फिल्मची कॉपी काढणाऱ्या यंत्रावर, तयार व्हायचा. म्हणजे तेवढा तुकडा आणखी एकदा कॉपी होऊन जोडलेला असतो.

आवाज मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) लावा. स्टिरिओचाही पर्याय आहे, पण संगीतकार फुमिओ हायासाका यांचे सुरुवातीचे ढोल मोनोमध्येच जास्त घट्ट वाटतात. अभिनेता तोशिरो मिफुने ओरडतो तेव्हा आवाज किंचित फाटतो, तेवढं चालतं.

टीव्हीची सेटिंग्ज मात्र आधी तपासा, नाहीतर पैसे पाण्यात. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं) आणि नॉइज रिडक्शन (ग्रेन पुसणारं) बंद, शार्पनेस कमीत कमी. चित्र जवळजवळ चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. ते घालवायला झूम केलंत तर वरून डोकी कापली जातील.

घ्यावा का? मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर डोळे झाकून घ्या. ४३ इंची टीव्ही लांबून बघत असाल आणि २०१० ची ब्लू-रे आधीच असेल, तर फरक दिसेल पण थक्क व्हायला होणार नाही. एक अडचण लक्षात ठेवा. काही डिस्क ठरावीक देशांच्या गटातल्या (रिजनमधल्या) प्लेअरवरच चालतात. फोरके डिस्कला हे रिजनचं कुलूप नसतं, पण संचातल्या ब्लू-रे 'ए' रिजनच्या आहेत आणि भारत 'सी' मध्ये येतो. दिग्दर्शक नागिसा ओशिमांनी १९९३ मध्ये घेतलेली कुरोसावांची दोन तासांची मुलाखत त्या ब्लू-रेवर आहे. तिच्यासाठी मल्टी-रिजन प्लेअर लागेल, आणि ती मुलाखत चुकवू नये अशी आहे.