मंदीतील सरकारी मदत: एकरकमी रोख, पगारातील सवलत, कुपन की करकपात?

मंदीत कुटुंबांच्या हाती पैसा द्यायचा हे एकदा ठरले, की तो कोणत्या रूपाने द्यायचा हा प्रश्न उरतो. एकरकमी रोख रक्कम, दर पगारात थोडीथोडी करसवलत, मुदत घातलेली कुपने आणि विक्रीवरील करात तात्पुरती कपात हे चार मार्ग गेल्या पंचवीसेक वर्षांत निरनिराळ्या देशांनी वापरून पाहिले आहेत. तिजोरीतून जाणारी रक्कम सारखी असली, तरी घरात शिरल्यावर तिचे होते ते सारखे नसते. निवड करणाऱ्याने म्हणूनच मोजमाप आधी ठरवून घ्यावे. मदतीच्या रकमेतून किती खरेदी झाली हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ही रक्कम आली नसती तर झालीच नसती अशी खरेदी किती, हा खरा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे किती दूर जाऊ शकतात, हे कुपनांच्या बाबतीत विशेष दिसते.

एकरकमी रोख रकमेचा पुरावा सर्वांत भरघोस आहे, आणि तो मुख्यतः अमेरिकेतून येतो. तेथे 2001 मध्ये बहुतेक करदात्यांना 300 किंवा 600 डॉलरचे धनादेश मिळाले. एवढे धनादेश एकाच दिवशी पाठवणे शक्य नसल्यामुळे ते सामाजिक सुरक्षा क्रमांकातील शेवटच्या अंकांप्रमाणे अनेक आठवडे टप्प्याटप्प्याने रवाना झाले. क्रमांकातील हे अंक कोणाच्या उत्पन्नाशी वा स्वभावाशी जोडलेले नसतात. त्यामुळे ज्यांना पैसे आधी मिळाले आणि ज्यांना नंतर मिळाले त्यांच्या खर्चाची तुलना करण्याची संधी अर्थशास्त्रज्ञांना आयतीच मिळाली. जॉन्सन, पार्कर आणि सोलेलेस यांच्या अभ्यासानुसार, पैसे हाती आले त्या तीन महिन्यांतच कुटुंबांनी रकमेच्या 20 ते 40 टक्के भाग टिकाऊ नसलेल्या वस्तू व सेवांवर खर्च केला आणि पुढील तिमाही धरून हे प्रमाण दोनतृतीयांशाच्या आसपास गेले.

मात्र याच धनादेशांबद्दल लोकांना थेट विचारले, तेव्हा ‘बहुतांश रक्कम खर्च करू’ असे सुमारे 22 टक्क्यांनीच सांगितले. 2008 मध्ये पुन्हा दिलेल्या एकरकमी मदतीबाबतही हेच घडले. पाहणीत जेमतेम एकपंचमांश लोक खर्चाच्या बाजूचे निघाले आणि देणी फेडणारे सर्वाधिक होते; खर्चाच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात मात्र मोटारींसारख्या टिकाऊ वस्तू धरून 50 ते 90 टक्के रक्कम खर्च झाल्याचा अंदाज निघाला. पुढे त्याच नोंदी नव्या संख्याशास्त्रीय पद्धतींनी तपासल्या गेल्या, तेव्हा हा अंदाज बराच खाली आला. माझ्या मते या विसंगतीचे एक कारण प्रश्नाच्या रचनेतच आहे. ‘बहुतांश खर्च करू’ असे न म्हणणारा माणूसही रकमेचा तिसरा हिस्सा खर्च करू शकतो, आणि पाहणीत तो ‘बचत करणारा’ म्हणून मोजला जातो. टक्केवारी लोकांची आहे की पैशाची, हे न पाहता आकडे शेजारीशेजारी ठेवले, तर तुलना पहिल्याच पावलाला फसते.

महासाथीच्या काळात अमेरिकेने तीन वेळा रोख मदत दिली. प्रौढ व्यक्तीला 2020 च्या वसंतात 1,200 डॉलर, त्या वर्षाच्या अखेरीस मंजूर झालेल्या दुसऱ्या फेरीत 600 डॉलर आणि 2021 मध्ये 1,400 डॉलर मिळाले. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत पहिल्या फेरीतील रकमेचे वाटप 29 टक्के उपभोग, 36 टक्के बचत आणि 35 टक्के कर्जफेड असे आढळले. उपभोगाचा वाटा दुसऱ्या फेरीत सुमारे 26, तर तिसऱ्या फेरीत सुमारे 25 टक्क्यांवर आला. एप्रिल 2020 मध्ये त्या देशातील वैयक्तिक बचतीचा दर 30 टक्क्यांच्या वर गेला होता, हेही येथे लक्षात घ्यावे. उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि विमाने बंद असताना पैसा खर्च करायला जागाच कमी होती.

कर्जफेड आणि बचत म्हणजे मदत वाया गेली, असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकजण करतात, आणि ती मला मान्य नाही. ज्या घरात क्रेडिट कार्डाची थकबाकी चढ्या व्याजाने वाढत आहे, तेथे ती फेडल्याने पुढच्या प्रत्येक महिन्यात व्याजाचे पैसे सुटतात आणि खर्च होतो तो उशिराने. मंदीच्या तळाशी मागणी ताबडतोब हवी असेल, तर हा उशीर दोष ठरतो. घर मोडू नये एवढाच हेतू असेल, तर तो गुण ठरतो. मदतीचा हेतू सांगितल्याशिवाय तिचे यश मोजता येत नाही, आणि शासकीय घोषणांत तर दोन्ही हेतू एकाच वाक्यात कोंबलेले असतात.

दुसरा मार्ग पगारातील सवलतीचा. अमेरिकेत 2009 मध्ये एकट्या करदात्याला 400 आणि जोडप्याला 800 डॉलरपर्यंतचा लाभ धनादेशाने न देता पगारातून कापला जाणारा कर कमी करून देण्यात आला. त्यामागचा तर्क शहाणपणाचा वाटत होता. मोठी रक्कम दिसली की माणूस ती बाजूला ठेवतो. दर पगारात थोडे जास्त आले, तर ते नकळत खर्च होतील. प्रत्यक्षात साम, शपिरो आणि स्लेमरॉड यांच्या पाहणीत या सवलतीतून ‘बहुतांश खर्च करू’ म्हणणारे 13 टक्केच निघाले. 2008 च्या एकरकमी मदतीबाबत त्यांच्याच अभ्यासात हे प्रमाण 25 टक्के होते. शिवाय पगारपत्रकात आठवड्याला काही डॉलरची वाढ अनेकांच्या लक्षातही येत नाही, त्यामुळे सरकारला श्रेयही मिळत नाही. ज्याची नोकरीच गेली त्याला पगारातील सवलत मिळणार कुठून, हा आक्षेप तर आकडे न पाहताही घेता येतो. चारांत हा मार्ग मला सर्वांत दुबळा वाटतो.

कुपने मात्र कागदावर अजिंक्य वाटतात: मुदतीत खर्च करा, नाहीतर ती बाद होतील. जपानने 1999 मध्ये 15 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कुटुंबांना प्रत्येक मुलामागे, तसेच पात्र वृद्धांना 20,000 येनची कुपने दिली. ती सहा महिन्यांत आणि आपल्याच नगरपालिकेच्या हद्दीत वापरायची होती. कुपने जवळजवळ सर्व वापरली गेली असूनही नव्याने झालेला खर्च अभ्यासात रकमेच्या 10 ते 20 टक्क्यांच्या आसपासच आढळला. हे कसे होते, ते एका घराच्या हिशेबात पाहावे. महिन्याचे वाणसामान दर महिन्याला लागतेच. या महिन्यात ते कुपनाने घेतले, त्यासाठी काढून ठेवलेली रोकड पाकिटातच राहिली आणि आठवड्याभराने ती बँकेत जमा झाली. कुपन वटले, दुकानदाराच्या गल्ल्यात पडले आणि सरकारी अहवालात वापर शंभर टक्के नोंदवला गेला; घराचा एकूण खर्च मात्र होता तेवढाच राहिला. घराच्या नेहमीच्या खर्चापेक्षा कुपनाची रक्कम लहान असेल तोवर मुदतीची सक्ती नावापुरतीच असते.

तरीही कुपनांना एक काम रोखीपेक्षा चांगले जमते, ते म्हणजे पैसा कोणाकडे जावा हे ठरवणे. दक्षिण कोरियाने मे 2020 पासून चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला 10 लाख वॉनपर्यंत मदत दिली. ती ऑगस्टअखेरपर्यंत वापरायची होती आणि डिपार्टमेंट स्टोअर किंवा मोठ्या विक्री साखळ्यांत चालत नव्हती. कोरिया विकास संस्थेच्या अंदाजानुसार, पात्र दुकानांतील विक्रीत दिलेल्या रकमेच्या 26 ते 36 टक्क्यांइतकी वाढ झाली. लहान दुकानदारांना तगवणे हाच हेतू असेल, तर हा आकडा वाईट नाही. फक्त त्यातील किती विक्री मोठ्या दुकानांकडून इकडे वळली आणि किती खरोखर नवी होती, हे विचारल्याशिवाय त्याला मागणीची वाढ म्हणू नये.

करकपातीबद्दल थोडक्यात सांगता येईल. जर्मनीने 1 जुलै ते 31 डिसेंबर 2020 या सहा महिन्यांसाठी मूल्यवर्धित कर 19 वरून 16 आणि सवलतीचा दर 7 वरून 5 टक्क्यांवर आणला. शेवटची तारीख आधीच जाहीर असल्याने पुढच्या वर्षी घ्यायच्या महागड्या टिकाऊ वस्तू लोक त्या तारखेपूर्वीच घेऊन टाकतात, आणि हीच या मार्गाची ताकद आहे. पण या कपातीचा लाभ जो मोटार घेऊ शकतो त्याला मोठा आणि ज्याचा पैसा फक्त अन्नावर जातो त्याला नगण्य होतो.

माझा कौल एकरकमी रोखीला आहे, पण एका अटीवर. वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळते: ज्यांच्या खात्यात शिल्लक कमी, ते मिळालेल्या रकमेतील अधिक भाग आणि अधिक लवकर खर्च करतात. यात केवळ गरीब येत नाहीत. घर आहे, निवृत्तिनिधी आहे, पण हाताशी रोकड नाही अशी मध्यमवर्गीय कुटुंबेही यात मोडतात, आणि उत्पन्नाची मर्यादा घालून त्यांना नेमके वेगळे काढणे अवघड असते. म्हणून रूपावर खल करण्यापेक्षा यादीवर अधिक श्रम घ्यावेत, असे मला वाटते.

ही यादी करणेच सर्वांत कठीण असते, कारण ज्यांना पैसा पोहोचवणे अवघड तेच बहुधा तो लगेच खर्च करणार असतात. अमेरिकेत मार्च 2020 च्या अखेरीस कायदा झाला आणि ज्यांच्या बँक खात्याचा तपशील सरकारकडे होता त्यांना एप्रिलच्या मध्यापासून पैसे मिळू लागले. ज्यांचा नव्हता ते मे महिन्यातही धनादेशाची वाट पाहत होते. त्यांपैकी सुमारे 40 लाख लोकांना धनादेशाऐवजी पैसे भरलेले डेबिट कार्ड टपालाने पाठवण्यात आले. ते साध्या लिफाफ्यात आले, वर ठळकपणे सरकारी ओळख नव्हती, आणि काहींनी ते जाहिरातीचे पत्र समजून फाडून कचऱ्याच्या टोपलीत टाकले.