दंतवैद्यकीय प्रवेशाचे समुपदेशन : दादरच्या एका केंद्राचा अनुभव

नीटचा निकाल पाहून मुलीने एमबीबीएसचा नाद सोडला आणि बीडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचा, विचार सुरू झाला, तेव्हा आम्ही दादर पश्चिमेच्या एका मार्गदर्शन केंद्रात ३,५०० रुपये भरून दोन तासांची बैठक घेतली.

प्रवेशप्रक्रियेपुरते बोलायचे तर काम चोख होते. राज्य सीईटी कक्षाच्या फेऱ्या वेगळ्या आणि अभिमत विद्यापीठांसाठी एमसीसीची (केंद्रीय वैद्यकीय समुपदेशन समितीची) प्रक्रिया वेगळी, हे त्यांनी न कंटाळता समजावले. पसंतीक्रमात सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आधी, नवी मुंबईतील खाजगी महाविद्यालये नंतर, असा त्यांचा सल्ला होता. कमी शुल्काचे कारण कोणीही सांगते. पण ओपीडीत रुग्णांची रीघ असेल तरच विद्यार्थ्याचा हात बसतो, हा मुद्दा आम्हाला नवा होता. मग समुपदेशकांनी खणातून मेणात कोरलेली एक दाढ काढून मुलीच्या हातात ठेवली. पहिल्या वर्षी अशा दाढा स्वतः कोराव्या लागतात, हे कळल्यावर तिने ती उजेडाकडे धरून बराच वेळ फिरवून पाहिली. माझ्या मते बैठकीचे पैसे तेथेच वसूल झाले.

पदवीनंतरचे चित्र मात्र फारच गुळगुळीत रंगवले गेले. चार वर्षे शिक्षण, एक वर्ष आंतरवासिता, राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आणि मग ‘मुंबईत पेशंटना काय तोटा, क्लिनिक टाकायचे’, एवढ्यावर विषय संपला. गाळ्याचे भाडे व अनामत, खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यंत्र यांचा खर्च कोणी काढला नाही; तीन वर्षांच्या एमडीएससाठी, म्हणजे पदव्युत्तर दंतवैद्यकासाठी, पुन्हा स्वतंत्र नीट द्यावी लागते, हेही ओझरतेच आले. नवे डॉक्टर आधी दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये टक्केवारीवर बसतात आणि एमडीएस झालेलेही पुष्कळदा हत्यारांची बॅग घेऊन लोकलने या क्लिनिकमधून त्या क्लिनिकमध्ये जातात, हे आम्हाला गिरगावच्या आमच्या डॉक्टरबाईंकडून समजले. तेही रूट कॅनालच्या तिसऱ्या खेपेला, म्हणजे मला उलट प्रश्न विचारण्याची सोय नसताना.

शुल्कात एकदा फोनवरून शंकानिरसन धरलेले असते. त्या फोनवर आम्ही सुरुवातीच्या कमाईविषयी आणि क्लिनिकच्या खर्चाविषयीच विचारले. उत्तरादाखल व्हॉट्सॲपवर महाविद्यालयांची तीच यादी पुन्हा आली.