सेकंडहँड ५० एमएम १.८ लेन्स, सोलापूरच्या थंडीत दोन महिने वापरून

आधीच सांगतो, मी काय फोटोग्राफर बिटोग्राफर नाही, हापिसात कारकुनी करतो आणि रविवारी पहाटे कॅमेरा गळ्यात अडकवून फिरतो, एवढंच. बॉडी जुनी, क्रॉप सेन्सरची (म्हणजे आतला सेन्सर लहान), सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम होणारी किट लेन्स. आता उन्हाळ्यात आपल्या गावात कॅमेरा बाहेर काढायची इच्छाच होत नाही, सगळं पांढरंफटक, पण डिसेंबर लागला की ऊन तिरकं येतंय, शेकोट्या दिसतात, निम्मं गाव कानटोपीत, आणि नेमका हा सगळा मसाला अंधार-उजेडाच्या मधल्या वेळेचा. म्हणून ही लेन्स घेतली, साडेपाच हजाराला.

फरक कुठं कळला तर मार्केट यार्डात. सकाळी साडेसहा, कांद्याच्या गाड्या लागलेल्या, उजेड म्हणजे वर एक दोन बल्ब. किट लेन्स ५० वर नेली की ५.६ च्या पुढं उघडतच नाही, ही १.८ पर्यंत उघडते (आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं), म्हणजे हिशेब केला तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो, त्यामुळं जिथं आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची सेटिंग, ६४०० करून फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे यायचे तिथं ८०० वर काम भागतंय. एक हमालाचा फोटो आलाय, गोणी उतरवून चहा घेतोय, मफलरचे सुटलेले धागे मोजून घ्या, आणि मागच्या ट्रकचा लाल दिवा नुसता गोल गुलाबजाम. लै भारी. पण त्याआधीचे आठ फोटो फुकट गेले ते पण सांगतो. १.८ ला जवळून काढलं की एक डोळा शार्प अन् दुसरा गायब. आता मी माणसांना शक्यतो २.८ च्या खाली जात नाही. आणि ह्या लेन्सला हाताचा थरकाप सावरणारा स्टॅबिलायझर नाही, थंडीनं हात कापत असतील तर शटर १/१०० सेकंदापेक्षा हळू नेऊ नका.

आता तक्रार. क्रॉप बॉडीवर ५० म्हणजे ७५-८० सारखं दिसतं, सगळं जवळ ओढलेलं, आणि चाटी गल्लीत मागं सरकायला जागा कुठंय ओ? पाठ दुकानाच्या शटरला टेकली तरी समोरच्याचं फक्त तोंड बसतंय. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी तर फजितीच झाली. अक्षतेच्या दिवशी, जिथं तो सोहळा होतो त्या संमती कट्ट्याच्या बाजूला पाय ठेवायला जागा नाही, नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतली मानाची काठी, ती एवढी उंच, काठीचा शेंडा घेतला तर माणूस जातो, माणूस घेतला तर शेंडा. शेवटी नाद सोडला आणि काठी पेलणाऱ्या एकाचाच काढला, पांढरी बाराबंदी, मानेच्या शिरा ताणलेल्या, जानेवारीत घाम. तो फोटो ह्या लेन्सशिवाय आला नसता हे पण खरंय. पूर्ण काठी मोबाइलवर काढली, ती पण तिरकी.

हुरडा पार्टीला नेऊ नका. म्हणजे न्या, पण आगटीचा धूर आला की ऑटोफोकस पुढं मागं घुर्र घुर्र करत बसतंय तोवर हुरडा खाऊन संपतो. शेंगाचटणीचे तेलकट हात काचेला लागले ती माझी चूक, लेन्सची नाही.

दुकानाचं नाव लिहीत नाही, पण 'एकदम नवी बघा' म्हणून दिलेल्या लेन्सवर घरी टॉर्च मारला तर आत बुरशीचा ठिपका. एरवी फोटोत दिसत नाही, पण सिद्धेश्वर तलावावर सूर्य समोर घेतला की सगळं धुरकट होतंय. सेकंडहँड घेताना दुकानातच टॉर्च मारून बघा, लाजू नका.

एक शेवटचं. अशोक चौकाच्या पलीकडं एक मावशी उन्हाला पायरीवर बसून विड्या वळत होत्या, साडीवर पुरुषी स्वेटर, मांडीवर सूप, त्यात तेंदूपान, तंबाखू, दोरा. विचारून फोटो काढला, २.० ला, चेहरा असला आलाय की मी त्या दिवशी चार जणांना पाठवला. पुढच्या रविवारी प्रिंट नेऊन दिली. त्यांनी लांब धरली, जवळ धरली, सुनेला दाखवली. मग म्हणाल्या, "चांगलं हाय ओ, पण सूप कुठं हाय ह्यात? हात बी दिसंना. नुसतीच बसल्यासारखी दिसतीय की मी."

बघितलं तर खरंच, मांडीपासून खाली सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. परत काढला, ५.६ ला. म्हणजे किट लेन्सवर पण आला असता.